कावीळ फक्त ए आणि बी विंगमध्येच का? एका साथीचा तपास आणि एका डॉक्टरचा निर्णय

साथरोगतज्ज्ञ नेमकं काय करतो, असं एमबीबीएसची मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना व्याख्या सांगत नाही. नवी मुंबईतल्या एका वसाहतीचं प्रकरण सांगते. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. काविळीची साथ आली कुठून, हा पहिला. तिचा तपास करणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकारी मुलीने पुढे कोणती शाखा घ्यावी, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर तिला पहिल्यात सापडलं, म्हणून दोन्ही एकत्रच मांडते. वसाहतीचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत.

वसाहत आणि दवाखाना

कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. वाशीच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारी माणसं, बहुतेक साताऱ्याकडची: जावळी, पाटण, कोरेगाव. आता पुढची पिढी ऑफिसात जाते, पण मे महिना लागला की अर्धी वसाहत गावाला जाते ती शाळा उघडायच्या सुमारास परत येते. ही सवय या प्रकरणात फार कामाला आली.

सोसायटी तीन विंगची. ए आणि बी विंगसाठी जमिनीखालची टाकी एकच. सी विंग नंतर बांधलेली, तिची टाकी वेगळी. हे सेक्रेटरींना, वॉचमनला आणि प्लंबरला माहीत होतं. राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना नव्हतं.

जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात बंधपत्राचं वर्ष, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा, भरणारी एक डॉक्टर होती. केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई तिला ‘एमओ मॅडम’ म्हणत. आपणही तेच म्हणू. नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन ती काउन्सेलिंगच्या, म्हणजे जागावाटपाच्या, फेरीची वाट पाहत होती. मिळालेल्या क्रमांकावर भूलतज्ज्ञाची जागा मिळण्यासारखी होती, किंवा चांगल्या कॉलेजात पीएसएमची, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची; साथरोगतज्ज्ञ याच शाखेतून घडतात. घरच्यांना भूल हवी होती, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. हाताला कायम काम, प्रत्येक नर्सिंग होमला गरज. पीएसएम म्हटलं की नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे मग दवाखाना कधी टाकणार?’

खबर

साथीची खबर हॉस्पिटलमधून आली नाही, पोर्टलवरूनही आली नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. आता सरकारी केंद्रांतून रोजच्या रोज ऑनलाइन नोंद जाते. पण कावीळ झालेला माणूस सरकारी केंद्रात येतोच असं नाही. तो कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरकडे जातो, नाहीतर काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे. तिथून नोंद येत नाही.

खबर दिली आशाताईंनी. बचत गटाच्या बैठकीला ए विंगच्या काही बायका आल्या नव्हत्या. का, म्हणून विचारलं, तर कुणाचा नवरा पिवळा, कुणाचा मुलगा. ‘मॅडम, एकाच विंगमध्ये इतक्यांना कावीळ? बघून येऊ का आपण?’ एवढंच त्या म्हणाल्या. या एका प्रश्नासाठी आशाताईंना मी या प्रकरणातल्या पहिल्या साथरोगतज्ज्ञ मानते.

त्याच संध्याकाळी दोघी गेल्या. जुलैचा पहिला आठवडा, बाहेर पाऊस. सगळ्यांचं मत आधीच ठरलेलं होतं: पावसाचं गढूळ पाणी. दुसरं मत गेटवरच्या पाणीपुरीवाल्याचं. दोन-तीन तरुण त्याची गाडी हटवायला निघालेही होते.

पहिलं काम: रुग्ण कोणाला म्हणायचं

एमओ मॅडमनी मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. आमच्या विभागात इंटर्नशिपची पोस्टिंग केल्यापासून ती संपर्कात होती. मी तिला म्हटलं, आधी व्याख्या लिही. तिने लिहिली: १ जूननंतर डोळे किंवा लघवी पिवळी झालेली, या सोसायटीत राहणारी किंवा रोज इथे येणारी कोणतीही व्यक्ती. ‘रोज इथे येणारी’ हे शब्द तिने स्वतःहून घातले. घरकामाच्या बायका, वॉचमन, शिकवणीची मुलं हे सगळे त्यामुळे यादीत आले. पुढे हीच माणसं निर्णायक ठरली.

मग रजिस्टरमध्ये रकाने आखले: वय, विंग, मजला, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, प्यायचं पाणी कुठलं, उकळून की तसंच, मे-जूनमध्ये कुठे होता, गरोदर आहे का. यातला शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरायचा, हे मी तिला निक्षून सांगितलं.

त्याचं कारण असं. यादीत लहान मुलं थोडी आणि पंधरा ते चाळीसच्या दरम्यानची माणसं जास्त होती. दूषित पाण्यातून येणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंची, हिपॅटायटिस ए आणि ई. आपल्याकडे ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. तरुणांमध्ये एकदम साथ आली तर आधी ई डोक्यात यावा. पुढे रक्ताच्या तपासणीतही ई विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडंच, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, सापडली. ई एरवी बहुतेकांना सोडून देतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो घातक असतो. त्या अवस्थेत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून तपास पुरा व्हायची वाट न पाहता आशाताईंच्या नोंदवहीतून ए आणि बी विंगच्या गरोदर बायका शोधल्या गेल्या. प्रत्येकीच्या घरी जाऊन उकळलेल्या पाण्याचं समजावलं. जी माहेरी गेली होती तिच्या तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन गेला. त्यांच्यापैकी कुणालाही कावीळ झाली नाही.

या विषाणूची ओळख पटली त्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेतलं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. कित्येक वर्षं ती ए ची साथ समजली गेली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे नव्या चाचण्यांनी तपासले, तेव्हा तो ए नव्हताच असं दिसलं. १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी होत्या. त्याच वर्षी काश्मीरमधून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही तिथल्या साथीवरून हेच मांडलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाटल्या कुणीतरी नीट लेबल लावून ठेवल्या, म्हणून ही गोष्ट कळली. आमच्या पेशातलं बरंचसं काम असं, पुढे येणाऱ्या कुणासाठी तरी नोंद चोख ठेवण्याचं असतं.

मागे मोजत जाणं

यादी पुरी झाल्यावर तिने चौकटीच्या कागदावर आलेख काढला. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर रुग्ण. जूनच्या शेवटी एखाद-दुसरा, जुलैच्या पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात चढ, मग उतार. उंचवटा एकच. रोज थोडा थोडा विषाणू पोटात जात असता तर आलेख पसरट झाला असता. एक उंचवटा म्हणजे थोड्या दिवसांत, एकदाच काहीतरी घडलं.

हिपॅटायटिस ई पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १० आठवडे लागतात, सरासरी ५ ते ६. आलेखाच्या टोकापासून इतकं मागे मोजलं की बोट मे महिन्याच्या अखेरीवर येतं. म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी.

इथे तपासाची दिशाच बदलली. सगळे पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याकडे बोट दाखवत होते आणि आलेख कोरड्या मे महिन्याकडे. मे अखेरीला काय झालं होतं, म्हणून वॉचमनला विचारलं. त्याला लगेच आठवलं. पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं. नवी मुंबईत असं दरवर्षी होतं. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, त्या मोठ्या वाहिनीच्या देखभालीला काही तास तरी पुरवठा थांबवावाच लागतो. ए-बीची टाकी तेव्हा तळाला गेली होती. सी विंगने आधी भरून ठेवलं होतं, तिथे माणसंही कमी होती.

तरी एवढ्यावर टाकीला दोषी धरता येत नव्हतं. वाहिनी, टँकर, पाणीपुरी, तिन्ही शक्यता उभ्याच होत्या.

निरोगी घरांचे दरवाजे

सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

दवाखान्यातल्या डॉक्टरकडे आजारी माणूस येतो. त्याला तो विचारतो, ‘बाहेरचं खाल्लंत का?’ माणूस म्हणतो, ‘पाणीपुरी खाल्ली होती.’ दहा रुग्णांतले आठ तेच म्हणतात आणि पाणीपुरीवाला गुन्हेगार ठरतो. पण ज्यांना काहीच झालं नाही त्या दहांतल्या आठांनीही तीच पाणीपुरी खाल्ली असेल तर? ते दवाखान्यात येतच नाहीत. त्यांच्या घरी जावं लागतं. या कामासाठी वेगळा डॉक्टर लागतो तो एवढ्याच कारणाने.

एमओ मॅडम, सिस्टर आणि आशाताई मिळून निरोगी घरांत गेल्या. लोक गोंधळले. ‘आमच्याकडे कुणी आजारी नाही हो,’ म्हणत दार अर्धं लावून घेत. एका घरी आजी होत्या, पाटणकडच्या.

‘आमी तवा हितं न्हवतोच बाय. थोरल्या दिराच्या नातीचं लगीन हुतं. पोरांची शाळा उघडायच्या आदल्या दिशी आलो.’

‘आल्यावर पाणी कुठलं प्यायलात, आजी?’

‘हेच की. नळाचं. आनि कुठलं?’

घर ए विंगमधलं, पाणी त्याच टाकीचं, पाच माणसं, कावीळ एकालाही नाही. आजींच्या त्या दोन वाक्यांनी जे कळलं ते प्रयोगशाळेतून कळलं नसतं. अशी आणखी घरं निघाली. मे अखेरीला गावी असलेली ए-बीची कुटुंबं जवळजवळ सगळी वाचली होती आणि मुंबईत राहिलेल्यांत रुग्ण भरपूर होते. टाकी तीच, फरक फक्त तारखांचा. घरात तान्हं मूल आहे म्हणून मे महिन्यातही पाणी उकळून पिणारं बी विंगमधलं एक कुटुंब इथेच होतं, तरी सुखरूप होतं.

उलट बाजूने पाहिलं तर सी विंगमध्ये कावीळ झालेला एकच मुलगा होता. सुट्टीतही तो ए विंगमधल्या मावशींकडे शिकवणीला जात होता आणि त्यांच्याच माठातलं पाणी पीत होता. सी विंगची बाकीची मुलं पाणीपुरी मनसोक्त खात होती. त्यांना काही झालेलं नव्हतं. शेजारच्या दोन सोसायट्यांना पाणी त्याच वाहिनीचं, तिथे एकही रुग्ण नव्हता. पाणी बंद होतं त्या दिवशी आलेला टँकर त्यांच्याकडेही रिकामा झाला होता. वाहिनी सुटली, टँकर सुटला, पाणीपुरीवालाही सुटला. त्याची गाडी आजही त्या गेटवर उभी राहते, आणि या तपासाचं ते फळ मला कमी महत्त्वाचं वाटत नाही. आजारी माणसांच्याच तोंडून साथ समजून घेतली की गरिबाचा धंदा सगळ्यात आधी बुडतो.

‘रिपोर्ट तर चांगला आलाय’

टाकीचं नाव घेतल्यावर सेक्रेटरींनी जुलैमधल्या पाण्याचा रिपोर्ट पुढे केला. पाणी पिण्यायोग्य. रिपोर्ट खरा होता. पण तो जुलैच्या पाण्याचा होता आणि घटना मे महिन्यातली. शिवाय ही नेहमीची तपासणी विष्ठेतले जंतू पाहते, विषाणू पाहत नाही. एमओ मॅडमनी रिपोर्ट खोटा ठरवला नाही. सेक्रेटरींच्या समोर आलेख ठेवला, बोटाने तारखा मागे मोजून दाखवल्या, आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करायला त्यांनाच सांगितलं. टाकीच्या पाण्यात थेंब टाकले. पिवळा रंग आलाच नाही. क्लोरीन टिकत नव्हतं.

मग टाकी उपसून रिकामी केली. ड्रेनेजचं चेंबर तिच्या भिंतीला जवळजवळ चिकटून होतं आणि तुंबलेलं होतं. चेंबरमध्ये तपासणीचा हिरवा रंग ओतला. काही वेळाने टाकीच्या आतल्या भिंतीवर, तळाजवळच्या तड्यातून हिरवट ओल उतरली. टाकी भरलेली असताना आतल्या पाण्याचा दाब बाहेरचं आत येऊ देत नाही. रिकामी झाली की तोच तडा वाट देतो. मे अखेरीला टाकी तळाला गेली होती, ती याच कारणाने घातक ठरली. नंतर स्वच्छ पाणी भरत राहिलं, विषाणू पातळ होत वाहून गेला, आणि शाळा उघडताना परतलेली माणसं वाचली.

दुरुस्तीच्या खर्चावरून सोसायटीत दोन तट पडले. वरिष्ठांकडून नोटीस आणायची, असं मॅडमच्या मनात आलं होतं. कायद्याचा हात आपल्याकडे लांब आहे. १८९६ साली मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, साथरोग कायदा आला. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अधिकाराखाली सोजिर घरांत घुसले, बायकांच्या अंगाला हात लागले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी काय केलं ते मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. दारावर थाप मारणाऱ्या प्रत्येक सरकारी डॉक्टरच्या मागे तो इतिहास उभा असतो. मी तिला एवढंच सुचवलं, की नोटीस हाताशी ठेव पण आधी सभा घे.

सभेत तिने एक धाडसाचं काम केलं. टाकीची दुरुस्ती होईल, चेंबर हलवलं जाईल, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून टाकी धुतली जाईल, हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘यानंतरही काही आठवडे नवे पेशंट निघतील. ते नव्या पाण्याचे नसतील, आधीच शरीरात गेलेल्या विषाणूचे असतील. तेव्हा टाकी पुन्हा फोडू नका आणि उकळून प्यायचंही सोडू नका.’

तसंच झालं. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तुरळक रुग्ण येत राहिले. सांगितलं नसतं तर लोकांनी दुरुस्ती फसली म्हणून बोंब मारली असती. आधी सांगितल्यामुळे प्रत्येक नव्या रुग्णागणिक तिच्यावरचा विश्वास वाढला. ज्यांचा खर्चाला सगळ्यात जास्त विरोध होता तेच काका शेवटी चेंबरच्या कामावर देखरेखीला उभे राहिले.

शाखेचा निर्णय

काउन्सेलिंगची फेरी ऑगस्टमध्येच लागली. ती भेटायला आली तेव्हा मी तिला पीएसएम घे असं सांगितलं नाही. पुढचं चित्र जसं आहे तसं मांडलं.

एमडीची तीन वर्षं. त्यानंतर वाटा बऱ्याच आहेत. मेडिकल कॉलेजात शिकवणं, महापालिकेत किंवा जिल्ह्यात साथरोग अधिकारी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ-गोवर सर्वेक्षणात वैद्यकीय अधिकारी. प्रत्यक्ष तपासाचीच ओढ असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मदतीने २०१२ साली सुरू झालेला ईआयएस (एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस) कार्यक्रम. त्यात दोन वर्षं साथींच्या मागेच फिरायचं. एमडी न करता एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करूनही या क्षेत्रात येता येतं, पण आपल्याकडच्या कॉलेजांत आणि बहुतेक वरच्या पदांवर एमडीला वजन आहे.

दुसरी बाजूही सांगितली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कितीतरी जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पगार खाजगी भूलतज्ज्ञाच्या आसपासही नाही. कोविडमध्ये ज्यांना रात्री-बेरात्री फोन जात होते त्यांच्यातल्या अनेकांना नंतर पद टिकवायला खेटे घालावे लागले. ही आपल्या व्यवस्थेची गंभीर चूक आहे आणि ती बदलावी म्हणून बोलत राहणं मी माझं काम समजते. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांपुढे ती लपवून या शाखेची गोडी लावणं मला मान्य नाही.

तिने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ‘मॅडम, त्या गरोदर बायकांपैकी कुणाला झाली असती, हे आपल्याला कधीच कळणार नाही ना?’

‘नाही कळणार.’

‘भूल दिली तर पेशंट शुद्धीवर आलेला दिसतो. इथे काहीच दिसणार नाही. हे मला जमेल का, एवढाच प्रश्न होता. त्या आजींच्या घरी मला वाटलं की जमेल.’

तिने पीएसएम भरलं. घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिच्या वडिलांनी मात्र नंतर एकदा फोन करून विचारलं, की साताऱ्याकडे गावातली पाण्याची टाकी तपासायची तर काय काय पाहावं. मी त्यांना टाकीपासून ड्रेनेजचं अंतर, ओटी टेस्ट आणि टाकी तळाला कधी जाते त्याची नोंद, या तीन गोष्टी सांगितल्या आणि बाकीचं लेकीला विचारा म्हटलं.